बालोतेचं माप

सोडोच्या वरच्या अंगाला रस्ता लाल होतो
आणि मग लालच राहतो.
तिथे पत्र्याच्या दवाखान्यामागे माझी आरी, माझा ठोकळा.
दुकानातल्या नंबरांत न बसणाऱ्या पायांचे
जोडे मी शिवतो.

बालोते आली बाजार उठल्यावर,
कुणी बघायला नको म्हणून.
पाय गोणपाटात.
सोड, म्हटलं. म्हणाली, वास येतो.
आमच्या घरी तीन पिढ्या कातडं कमावतात,
मला कसली वासाची भीती घालतेस?

कागदावर पाऊल ठेवलं तिने.
पेन्सिल घोट्याखालून फिरवायची
तर घोटाच सापडेना.
पावलाच्या पाठीवर गाठी,
ओढ्यातल्या शेवाळी दगडांसारख्या.
कागद पुरला नाही. दुसरा जोडला, खळ लावून.

नवरा गेला तेव्हा सासरचे म्हणाले, पायगुण.
गाय आटली तेव्हाही.
गुण पायाचा नव्हे गं, मातीचा.
कधीकाळी डोंगराच्या पोटातून राख उसळली,
तिची ही माती झाली.
अनवाणी चाललं की पिठाहून बारीक कण
कातडीतून आत उतरतात, आतल्या वाटा बुजवतात.
सगळ्यांच्या नाही, काही घरांतच.
तिच्या आईच्या. मावशीच्या.
लागण होत नाही, एका ताटात जेवलं तरी.
हे मी रोज सांगतो.
लोक मान डोलावतात
आणि जरासे सरकून बसतात.

'एकदाच काय ते कापून टाका,' ती डॉक्टर मेस्केरेमना म्हणाली,
'एन्सेतचा बुंधा कापतात तसं.'
बाईंनी नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला, सावकाश भरला.
'ही सूज सुरीची नाही.
पाण्याची आहे, साबणाची, पट्टीची.
रात्री पाय उंचावर ठेव. तीन महिने रोज धू, मग ये.
गाठींचं मात्र...'
आणि त्या माझ्याकडे वळल्या.
'मातेवोस, ह्या अशाच ठेवल्या तर जोडा चढेल?'

सुरी कुठे चालवायची
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी पुन्हा कागद बघितला. वेळ घेतला.
ही, म्हटलं. आणि ही, टाचेकडची.
अंगठ्यावरची राहू दे,
तिच्यापुरती जागा मी काढीन.

पाय धुवायला पाणी, पाण्याला झरा,
झरा तासाभरावर, वाट त्याच मातीची.
पिवळा कॅन पाठीला, पायात काही नाही.
तीन महिने ती पाणी आणायची
आणि आणताना लागलेली माती
त्याच पाण्याने धुवायची.
शेवटी मी टायरचे दोन तुकडे बांधून दिले,
जोडा म्हणता येणार नाहीत असे.

कापलं ते पावसाळा सरल्यावर.
दोन गाठी. पाय बारीक झाला नाही,
नुसता जोडा होऊ शकेल असा झाला.
बालोते ट्रेकडे बघत राहिली,
'एवढ्याशाच?'
एवढ्याशाच. बाकीचं अजून तुझ्याकडे आहे,
सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.
बाईंनी हे गोड करून सांगितलं नाही.
मला ते आवडलं.

जोडा झाला. डावा उजव्याहून चार बोटं रुंद,
आत मऊ कातडं, वर नाडीऐवजी पट्टा.
तिने तो घातला आणि
भर बाजारातून गेली, शनिवारी, दुपारी.
मिरच्या घेतल्या. भाव केला.
कुणीतरी सरकलं. तिने सरकू दिलं.

आता माझं.
महिनाभर रात्री तळवे जळतात,
बोटांच्या बेचक्यात खाज.
लहानपणी मी ह्याच उतारावर शेळ्यांमागे धावलोय,
चांभाराचा पोर, अनवाणी.
काल दिवा मोठा करून स्वतःचं पाऊल कागदावर ठेवलं.
मागच्या वर्षीची रेघ आतल्या बाजूला राहिली,
जवभर.

पेन्सिल कानावर अडकवली.
बायकोने विचारलं, एवढ्या रात्री पाणी कशाला तापवताय?